एअर फ्रायर घेताना लिटर नव्हे, बांगडा मोजा

दुकानात एअर फ्रायर, म्हणजे गरम वाऱ्यावर पदार्थ भाजणारं यंत्र, बघायला गेलं की विक्रेता आधी लिटर सांगतो. चार लिटर, साडेपाच लिटर, आठ लिटर. हा आकडा टोपलीची खोली धरून काढलेला असतो, आणि आपल्या स्वयंपाकाला खोली फारशी लागत नाही. बांगडा आडवा ठेवावा लागतो. नीरफणसाचे काप एकावर एक रचले तर मधले पांढरेच राहतात. म्हणून विचारायचं ते एवढंच: टोपलीचा तळ आतून किती लांब, किती रुंद?

मी गोव्यात फोंड्याला राहते. घरात पाच माणसं, त्यात सासूबाईंना डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलेलं. सोमवार-गुरुवार सोडले तर दुपारच्या ताटात भाजलेला नाहीतर तळलेला मासा हवाच. अशा घरात एखादं यंत्र ओट्यावर राहतं की माळ्यावर जातं हे मासा कसा होतो त्यावर ठरतं. आमचं ओट्यावर आहे, रोज चालतं. ओळखीच्या बायका घ्यायच्या आधी मला फोन करून विचारतात, तेव्हा जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

दुकानात जाण्याआधी वर्तमानपत्राच्या कागदातून एक मध्यम बांगडा कापून घ्या. बाजारात नेहमी मिळतो तो साधारण वीतभर असतो. असे चार-पाच कागदी बांगडे पिशवीत घाला आणि दुकानात टोपली बाहेर काढायला लावून त्यात मांडून बघा, एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटीशी, असे आलटून पालटून. मध्ये बोटभर जागा सुटली पाहिजे, कारण वारा तिथूनच खाली जातो. टोपली वर रुंद आणि खाली निमुळती असते, तेव्हा माप तळाचं घ्या, तोंडाचं नको. चौकोनी टोपलीत तीन-चार बांगडे बसतात, तेवढ्याच लिटरच्या गोल टोपलीत दोन बसले तरी खूप. चार-पाच माणसांच्या घराला आतून बावीस-तेवीस सेंटिमीटरचा चौकोनी तळ मिळाला तर दोन घाण्यांत जेवण उरकतं. दोनच माणसं असाल तर याहून लहान चालेल, पण मग इसवणाच्या (सुरमईच्या) तुकड्यांवर भागवा, अख्खा मासा त्यात वाकडा होतो.

दार उघडून आत ताटल्या सरकवायच्या अशीही यंत्रं मिळतात. जागा भरपूर, एका वेळी खूप होतं, पण वरची ताटली लवकर लाल होते आणि खालची मागे राहते, म्हणून मध्येच त्यांची अदलाबदल करावी लागते. शिवाय माशाचं पाणी आणि मसाला उडतो तो दाराच्या काचेवर, कडांवर, खाचांत. रोज मासे करणाऱ्या घराला मी ओढून काढायच्या टोपलीचंच सुचवीन. धुवायला दोनच भांडी.

बटणांबद्दल माझं मत ठाम आहे. फिरवायच्या खुंट्या घ्या, एक तापमानाची, एक वेळेची. स्पर्शाने चालणारा काचेचा फलक ओल्या, तेलकट हाताला दाद देत नाही, आणि आपले हात मासे करताना तसेच असतात. खुंटीवाल्यात सासूबाई चष्मा न लावता वेळ लावतात. आधीच भरून दिलेले ‘फिश’, ‘चिकन’ असले कार्यक्रम आपल्या रवा लावलेल्या माशाला लागू पडत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

आता विजेचं. बहुतेक एअर फ्रायर १४०० ते १७०० वॅटचे असतात. २३० व्होल्टवर १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. आपल्याकडे मिक्सरसाठी असतो तो लहान प्लग ६ अँपिअरचा. त्यावर हे यंत्र चालवायचं नाही, त्याला १६ अँपिअरचा मोठा प्लग लागतो. फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या जुन्या घरांत स्वयंपाकघरात असा पॉइंट बहुधा नसतो. यंत्र आणण्याआधी वायरमनला बोलवा, वेगळी जाड वायर ओढून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड लावून काम भागवू नका. घरगुती इन्व्हर्टरवरही ते चालवू नये. आणि मे अखेर, जूनच्या सुरुवातीला विजा कडकडायला लागल्या की प्लग काढून ठेवायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. बिलाची मात्र फार धास्ती नको. १५०० वॅटचं यंत्र वीस मिनिटं सलग तापलं तरी अर्धा युनिट, आणि तापमान गाठल्यावर त्यातली कॉइल मधून मधून बंदच होते.

ठेवायची जागा अशी बघा की मागच्या जाळीतून येणारी गरम हवा भिंतीपासून वीतभर तरी मोकळी राहील. वर लाकडी फळी, बाजूला प्लास्टिकचे डबे नकोत. बंद शेगडीवर ठेवायची सवय काही घरांत दिसते, ती फार धोक्याची.

हे यंत्र काम कसं करतं ते एकदा समजलं की निम्मे प्रश्न सुटतात. २०१० साली फिलिप्सने बर्लिनच्या आयएफए या विजेच्या उपकरणांच्या प्रदर्शनात हे नाव आणि ही वस्तू लोकांपुढे आणली. आत तेलाची जागा घेणारं काही नाही. वर तापलेली कॉइल, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा, खाली जाळीची टोपली. गरम वारा पदार्थाच्या पृष्ठभागावरचा ओलावा उडवतो, पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या पुढे गेला की तांबूस रंग आणि भाजल्याचा वास येतो. म्हणजे ही छोटी, जोराच्या वाऱ्याची भट्टी आहे. त्यामुळे माझा नियम सरळ आहे: जे आपण तव्यावर थोड्या तेलात परततो किंवा निखाऱ्यावर भाजतो, ते यात उत्तम होतं. जे कढईत तेलावर फुगतं, ते होत नाही. पुरी नाही, उडदाचे वडे नाहीत, पातळ पिठात बुडवलेली भजी तर नाहीच, ते पीठ जाळीतून खाली गळतं. मिरची भजी खायची तर कढई ठेवा आणि मनापासून खा.

बांगड्याची माझी पद्धत. मासा साफ करून दोन्ही अंगांना तीन-तीन चिरा द्यायच्या. मीठ, हळद, तिखट, आल्या-लसणाची थोडी गोळी आणि आमसुलाचं आगळ लावून अर्धा तास ठेवायचा. अर्ध्या तासात सुटलेलं पाणी ओतून टाकायचं, हे विसरू नका, नाहीतर रवा ओला होऊन गळून पडतो.

रव्यातच सगळी गोम आहे. तव्यावर रवा तेलात बसतो आणि तेल पितो. इथे कोरडा रवा लावला तर तो वाऱ्याने उडतो, उरलेला पांढरा आणि कचकचीत राहतो, आणि लोक म्हणतात एअर फ्रायरचा मासा बेचव. म्हणून चार चमचे बारीक रवा, एक चमचा तांदळाचं पीठ, चिमूट मीठ, थोडं तिखट आणि दोन लहान चमचे तेल हे सगळं बोटांनी चोळून घ्यायचं. रव्याच्या कणाकणाला तेल लागलं पाहिजे, मुठीत दाबल्यावर किंचित धरून राहील इतकं. मग त्यात मासा घोळवून हलक्या हाताने दाबायचा. एवढ्या तेलात तीन बांगडे होतात.

यंत्र रिकामंच तीन-चार मिनिटं तापवून घ्या. जाळीला तेलाचा हात फिरवा आणि मगच मासा ठेवा, गार जाळीवर ठेवला तर साल चिकटते. १८० अंशांवर आठ मिनिटं, मग पातळ उलथन्याने उलटून आणखी पाच-सहा मिनिटं. उलटायची घाई करू नका. खालची बाजू धरली असेल तर मासा आपोआप सुटतो, सुटत नसेल तर अजून एक मिनिट द्या. काट्याजवळचं मांस पांढरं, अपारदर्शक होऊन काट्यापासून सहज वेगळं झालं की झाला.

आमच्याकडे मासा घाण्याच्या खोबरेल तेलातच लागतो. हे तेल साधारण १७५ अंशांच्या आसपास धुरावायला लागतं. त्यामुळे खोबरेल वापरत असाल तर १७० वर ठेवा, दोन-तीन मिनिटं जास्त द्या आणि फक्त शेवटची दोन मिनिटं १९० करा. रंग त्या दोन मिनिटांत येतो. बाजारात मिळणारे दाबून फवारायचे तेलाचे डबे मात्र टाळा. त्यातल्या इतर घटकांचा चिकट थर जाळीच्या लेपावर बसतो आणि निघता निघत नाही. साधा ब्रश पुरतो.

इसवणाचे अर्धा इंच जाडीचे तुकडे दहा मिनिटांत होतात, सहा एका बाजूने, चार दुसऱ्या. त्याहून जास्त ठेवलं तर भुसभुशीत कोरडे पडतात, इसवणाला तेल कमी असतं. तारल्यांचं, म्हणजे सार्डिनचं, उलट. त्या मुळातच तेलकट, रव्यात तेल अर्धंच घाला. त्यांचं तेल खालच्या भांड्यात ठिबकून धूर होतो, म्हणून जाळीखाली चार-पाच चमचे पाणी घालून ठेवा, धूर थांबतो. सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, १९० वर सहा-सात मिनिटं, एकदा हलवून. पोटात रेशाद हा गोव्याचा लाल मसाला भरलेला बांगडा तर मला तव्यापेक्षा इथे आवडतो. तव्यावर मसाला बाहेर येऊन करपतो, इथे जागेवर राहतो. फक्त मसाला भरपूर कोंबू नका, आणि रवा लावू नका.

श्रावणात आणि सोमवारी-गुरुवारी कापांची पाळी. तेलाची खरी बचत माशात नाही, वांग्याच्या कापांत आहे. वांगं तव्यावर ओताल तेवढं तेल पितं. इथे पाव इंचाहून थोडे जाड काप मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचे, पाणी टिपायचं, मसाला आणि तेल चोळलेला रवा लावून १८० वर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. पाच माणसांच्या कापांना एक मोठा चमचा तेल भरपूर झालं. सासूबाईंचं पथ्य खरं इथे सांभाळलं जातं.

नीरफणस सोलून लगेच मिठाच्या पाण्यात टाका, काळा पडत नाही. पाव इंच जाड काप, हळद, तिखट, हिंग, आगळ, वर रवा. बारा मिनिटं. त्याचा कुरकुरीतपणा कढईला हरत नाही, हे मी पैजेवर सांगीन. सुरणाची गोष्ट वेगळी. सुरण कच्चाच ठेवला तर बाहेरून सुकतो आणि आत टणक राहतो, शिवाय घशाला खाजतो. आमसुलं घातलेल्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून, निथळून मगच मसाला लावा. करांदे आणि माडी या कंदांनाही हेच. मोयरा गावच्या पिकल्या केळ्यांचे काप १७० वर ठेवा, साखर असते, चटकन काळे होतात.

बटाट्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मुलं रोज तेच मागतात. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं, आणि ते जितके काळे होतील तितकं जास्त. ते आरोग्याला चांगलं नाही. युरोपीय संघाने २०१७ मध्ये खाद्यपदार्थांतलं त्याचं प्रमाण कमी ठेवण्यासाठी नियमच केले. तळण्यातही ते होतं, इथेही होतं, तेल कमी म्हणून सुटका नाही. उपाय घरचेच आहेत: काप अर्धा तास पाण्यात भिजवून पाणी फेकायचं, कोरडे पुसायचे, सोनेरी झाले की थांबायचं. तळण्या-भाजण्याचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत, गारठ्यात त्यांच्यातली साखर वाढते आणि मग ते लवकर काळवंडतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा पुरुमेताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, घेतलेल्या सुक्या माशांवर घर चालतं. सुकी सुंगटं हलकी, पंख्याच्या वाऱ्याने उडून थेट कॉइलला चिकटतात आणि जळतात. यंत्रासोबत मिळणारी उंच जाळी त्यांच्यावर पालथी ठेवा, मग १५० वर चार मिनिटं. बोटांनी चुरडली की मोडली पाहिजेत. किसमूर, म्हणजे सुक्या माशाची कोशिंबीर, करायला याहून सोपी रीत नाही, गॅससमोर उभं राहून परतावी लागत नाहीत. वास मात्र तसाच येतो, खिडकी उघडी ठेवा. कोथिंबीर, कढीपत्ता, उडदाचा पापड, मोकळा बटर पेपर, सगळं याच कारणासाठी धोक्याचं. कागद घालायचाच असेल तर त्यावर वजन असल्याशिवाय यंत्र तापवू नका. पापड मी गॅसवरच भाजते.

काजूबद्दल एक गोष्ट गोव्यात राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. सोललेले काजूगर १५० वर आठ-दहा मिनिटांत सुरेख भाजतात, मध्ये दोनदा हलवा. पण बागेतून आणलेल्या, टरफलासकटच्या काजूबिया यात कधीही घालू नका. टरफलातलं तेल जहाल असतं, कातडी भाजून काढतं, आणि त्याचा धूर बंद स्वयंपाकघरात डोळ्यांना आणि छातीला त्रास देतो. त्या बाहेर अंगणातच भाजायच्या.

कोंबडीचं काफ्रियाल यात फार छान होतं. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं-लसूण, मिरी, दालचिनी, लवंग आणि लिंबाचं वाटण चिरा दिलेल्या तंगड्यांना लावून रात्रभर ठेवा, मग १८० वर बावीस ते पंचवीस मिनिटं, दोनदा उलटून. कोंबडी आत हाडापाशी ७४ अंशांपर्यंत तापली पाहिजे. तेवढ्यासाठी लहानसा सुईचा थर्मामीटर घेतला तर अंदाजावर राहावं लागत नाही.

पोदेर (पाववाला) सकाळी देऊन गेलेली पोई, म्हणजे गोव्याचा पाव, संध्याकाळपर्यंत चिवट होते. तिच्यावर पाण्याचा हात फिरवून १६० वर दोन-तीन मिनिटं ठेवली की वरून खरपूस, आतून मऊ. बेकरीतले पॅटिस, समोसेही असेच चार-पाच मिनिटांत ताजे होतात. मायक्रोवेव्हमध्ये ते लोळागोळा होतात.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्यांबद्दल, म्हणजे करंज्यांबद्दल, दरवर्षी विचारणा होते. तुपाचं मोहन चांगलं घालून, वरून तूप लावून १६० वर बारा-चौदा मिनिटं ठेवल्या तर खुसखुशीत होतात, पण त्या भाजलेल्या नेवऱ्या होतात, तळलेल्या नव्हेत. घरात मधुमेह, हृदयविकार असेल तर जरूर करा. गणपतीपुढे ठेवायच्या मी तुपातच तळते.

साफसफाईला कंटाळलात तर यंत्र लवकर जाईल. टोपली कोमट झाली की लगेच साबणाच्या पाण्यात टाका, मऊ स्पंजने घासा. तारेची घासणी, राख, काथ्या नको. आतला न चिकटणारा लेप एअर फ्रायरच्या २०० अंशांना टिकतो, पण ओरखड्यांना टिकत नाही. माशाचा वास राहिलाच तर टोपलीला बेसन चोळून धुवा. महिन्यातून एकदा प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर यंत्र पालथं करून कॉइलवरचा चिकटा ओल्या फडक्याने पुसा. तिथे साचलेलं जुनं तेलच पुढे धूर करतं.

आपल्या दमट हवेत स्क्रू आणि जाळीच्या कडा गंजतात. टोपली धुऊन, पुसून आत सरकवायची आणि यंत्र दोन मिनिटं रिकामं चालवायचं, सगळा ओलावा उडून जातो. पावसाळ्यात हे रोज करा. आणि विकत घेतानाच विचारून ठेवा की त्या मॉडेलची टोपली आणि जाळी सुटी मिळते का. मोटर वर्षानुवर्षं चालते, लेप मात्र रोजच्या वापरात आधी जातो. टोपली सुटी मिळत नसेल तर ते मॉडेल सोडून शेजारचं बघा.